मदत हवी आहे: लिनिएजओएसवर गूगल ॲप्स उशिरा टाकले, आता सेटअपच होत नाही

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. बाबांना भजनं ऐकायला म्हणून स्नॅपड्रॅगन ६२५ वाल्या जुन्या फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारं, कुलूपबंद असलेलं सॉफ्टवेअर) अनलॉक करून काल लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टिम) टाकलं. मस्त चालू झालं. मग आठवलं, प्ले स्टोअर राहिलंच! रिकव्हरीत (सिस्टिम टाकायच्या वेगळ्या मेनूत) जाऊन गूगल ॲप्सची झिप टाकली, तेव्हापासून 'सेटअप विझार्ड बंद पडला' हेच दर दोन सेकंदांनी. (ती झिप नवी सिस्टिम पहिल्यांदा सुरू करण्याआधीच टाकायची असते, हे नंतर वाचलं. घाई नडली.)

आता नुसता डेटा फॉरमॅट करून भागेल, की रॉमपासून, म्हणजे लिनिएजओएसपासूनच, परत सगळं? बाहेर धो धो पाऊस, वीज सारखी जातेय, बॅटरी २० टक्के; अर्ध्यातच फोन बंद पडला तर? आणि बाबा दर थोड्या वेळानं डोकावतात, "जालें रे?"