प्रति: वडिलांच्या पश्चात बारा बोअरच्या बंदुकीचं काय करायचं?

वडील गेल्यावरही त्यांच्या परवान्याची मुदत संपेपर्यंत बंदूक घरीच राहू द्या, हा इथे कुणी दिलेला सल्ला कृपया ऐकू नका. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेला की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करा. आपल्या मराठवाड्यात रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांच्यापायी अशा बंदुका कितीतरी घरांत आहेत, आणि हाच घोळ होतो.

नेण्याआधी जाणत्या माणसाकडून नळी उघडून आत काडतूस नाही ना, हे बघून घ्या. बंदुकीवर कोरलेला नंबर परवान्याशी ताडून पाहा. जुन्या परवान्यांत एखादा आकडा चुकलेला सापडतो, तो आत्ताच दुरुस्त करून घेतलेला बरा. काडतुसं मोजून तीही जमा करा. पुठ्ठ्याची असतील तर पावसाळ्यात फुगलेली असतात, उडवून बघण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. पोहोचपावतीवर नंबर, काडतुसांची संख्या, सही-शिक्का हवाच. निवडणुकीच्या काळात बंदूक जमा केल्याच्या जुन्या पावत्याही जपा.

पुढे बंदूक तुमच्या नावावर झाली, की माळवदाखालच्या खुंटीला परत टांगू नका, घरात लेकरं आहेत. कुलपाचं लोखंडी कपाट घ्या, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. चामडी खोळीतही ठेवू नका, ओल धरून नळी गंजते. आणि वरातीत कुणी कितीही गळ घातली तरी देऊ नका: शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.