रेसिडेन्सीवाल्यांचं इन्स्टा
कोणीतरी विचारलंय की सर्जरी डिपार्टमेंटला इन्स्टाग्राम हवंच कशाला. अहो, २०२० मध्ये कोविडमुळे अमेरिकेत रेसिडेन्सीचे, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात स्पेशालिस्ट व्हायच्या ट्रेनिंगचे, इंटरव्ह्यू सगळे ऑनलाइन झाले, हॉस्पिटल बघायला जाताच येईना, मग हॉस्पिटलांच्या ट्रेनिंग प्रोग्रामांनी धडाधड अकाउंट उघडली. माझ्या भाचीने सर्जरीला अप्लाय केलं तेव्हा रात्र रात्र तीच पेजं चाळत बसायची, टॅको पार्टीचे फोटो, कोणाचा तरी कुत्रा, स्क्रबमध्ये (ऑपरेशनच्या कपड्यांत) नाचणारे रेसिडेंट. पण ड्यूटी किती, चीफ कसा, इंटर्नला ओटीत हात लावायला मिळतो का, ते एका पोस्टमध्ये दिसेल तर शपथ!

आणि उलटी गंमत म्हणजे त्याच वर्षी जुलैत व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जरीच्या जर्नलमधला एक पेपर गाजला, तरुण सर्जनांची अकाउंट तपासायला संशोधकांनी खास नवी अकाउंट काढलेली आणि बिकिनीतले फोटो म्हणे "अनप्रोफेशनल असू शकतात". मग काय, डॉक्टर बायकांनी मेडबिकिनी हॅशटॅग लावून स्वतःचे समुद्रावरचे फोटो टाकले, पुरुषही सामील झाले, पेपर मागे घ्यावा लागला. म्हणजे डिपार्टमेंटने नाचाचं रील टाकलं की ते कल्चर आणि पोरीने बीचवरचा फोटो टाकला की ती बेजबाबदार, असं कसं चालेल?

भाचीने शेवटी एका प्रोग्राममधल्या रेसिडेंटला थेट मेसेज केला, अर्ध्या तासात खरी ड्यूटी कळली.