‘चौथ्या दर्जाची’ नौका? फ्रिगेट, रेट आणि ‘असिस्टन्स’ची चाकरी

उंबरठा :
मंडळी, एका पानाच्या अनुवादात पार अडकले आहे. इंग्लंडच्या आरमारातल्या ‘असिस्टन्स’ नावाच्या जहाजाची माहिती मराठीत आणायची आहे. पहिल्याच वाक्यात म्हटलंय की ही ४० तोफांची ‘फोर्थ रेट फ्रिगेट’ १६५० साली लंडनजवळच्या डेप्टफर्डला पाण्यात उतरली. मी लिहिलं, ‘चौथ्या दर्जाची लढाऊ नौका’. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, “एवढी टाकाऊ होती तर बांधली कशाला?”

मथळ्यातल्या ‘सर्व्हिस हिस्टरी’चं मी ‘सेवा इतिहास’ केलं होतं. ते वाचून मला वडिलांचं सेवापुस्तक आठवलं, रजा-बढत्यांच्या नोंदींचं. तर या तिन्हींना काय म्हणावं? फ्रिगेटला मराठ्यांच्या आरमारातला ‘गुराब’ हा शब्द चालेल का? निदान आपला तरी आहे.

पाणचक्की :
नवरा बरोबर बोलला. ‘दर्जा’ म्हटलं की मराठी माणसाला माल दिसतो, उत्तम नाहीतर हलका. इथला रेट म्हणजे नुसती वर्गवारी. एकूण सहा वर्ग असत, तोफा किती आणि माणसं किती यावरून ठरत. पहिल्या वर्गात शंभराच्या आसपास तोफांची धुडं, सहाव्यात चिल्लीपिल्ली. जहाजाच्या रेटवर कप्तानाचा पगार ठरे, म्हणून तर ही मोजदाद इतकी काटेकोर. चौथ्या वर्गाची जहाजं युद्धात मुख्य रांगेत उभी राहून तोफा झेलायची. टाकाऊ कसली!

‘चौथ्या श्रेणीची’ मात्र चुकूनही लिहू नका. आपल्याकडे ‘चतुर्थ श्रेणी’ म्हटलं की शिपाईच समोर येतो. मी असतो तर पहिल्यांदा ‘तोफांच्या हिशेबाने सहांपैकी चौथ्या वर्गातली’ असं फोडून लिहिलं असतं आणि पुढे सरळ ‘फोर्थ रेट’.

दर्यावर्दी :
मी तीस वर्षं बोटीवर काढली, व्यापारी बोटीवर, त्यामुळे तोफांचं मला विचारू नका. फ्रिगेटबद्दल मात्र बोलतो, कारण लोकांचा सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. आज आपण फ्रिगेट म्हणतो ती एका ठरावीक आकाराची युद्धनौका. माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ साली नौदलात आली, ती फ्रिगेट. १६५० साली हा शब्द आकाराचा नव्हता, घडणीचा होता. मुळात भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या एका लहान होडीला इटालियनमध्ये ‘फ्रेगाता’ म्हणत. ते नाव उत्तरेत आलं ते लांबट, बुटक्या, चपळ जहाजांना चिकटून. उंच मनोरे कापलेले, तोफा पाण्यापासून फार वर नाहीत, आणि वारा मिळाला की पळणारं. इंग्लंडात अशा बांधणीचा पहिला मान ‘कॉन्स्टंट वॉरिक’ला देतात. ती पीटर पेटने बांधली, १६४५च्या सुमारास, आणि तीही खाजगी मालकांसाठी. राष्ट्राच्या आरमारात ती नंतर विकत घेतली गेली. पेट १६५२ साली वारला. त्याच्या डेप्टफर्डच्या थडग्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की फ्रिगेट म्हणतात तो आरमाराचा नवा अलंकार यानेच शोधला. शत्रूला भयंकर आणि आपल्यांना उपयोगी, असंही पुढे आहे. थडग्यावर कोण कमी लिहितो म्हणा.

म्हणजे ‘असिस्टन्स’ला फ्रिगेट म्हटलं ते तिच्या ठेवणीमुळे. पुढच्या शतकात शब्द पुन्हा सरकला. तोफांचा एकच पूर्ण मजला असलेली, टेहळणी करणारी जलद नौका असा अर्थ बसला. दोन मजल्यांवर तोफा असलेल्या ‘असिस्टन्स’सारख्या जहाजाला १७७० साली कोणी फ्रिगेट म्हटलं नसतं. तेव्हा ‘युद्धनौका’ लिहिलंत तर अर्थ चुकणार नाही, पण गोष्ट हरवेल. फ्रिगेटच ठेवा.

थळवाला :
गुराब अजिबात नको. माझं गाव थळ. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी-उंदेरी, म्हणून हा विषय निघाला की मला राहवत नाही.

गुराब हा शब्द अरबी ‘घुराब’वरून आला, म्हणजे कावळा. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, ते लांब आणि टोकदार निघालेलं, मोठ्या तोफा नाळेकडे. म्हणजे मारा समोर. वारा पडला की गलबतं वल्ही मारत तिला ओढून नेणार. फ्रिगेटचा मारा कुशीतून, दोन्ही बाजूंनी, आणि वारा नसला तर ती तशीच लटकलेली. ही लढायचीच दोन वेगळी शास्त्रं. एकीला दुसरीचं नाव दिलंत तर लढाईचं वर्णन वाचताना पोराला काही उमगणार नाही.

आणि पुरावा हवा तर घरचाच आहे. १६७९ साली महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला खांदेरीवर पाठवून तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराच्या दौलतखानाची पन्नासच्या आसपास गलबतं नागावकडून त्यांच्यावर चालून गेली. इंग्रजांच्या ताफ्यात ‘रिव्हेंज’ होती, तिला ते फ्रिगेट म्हणत. आणि ‘डव्ह’ होती, तिला ते स्वतःच ‘ग्रॅब’ लिहीत, म्हणजे आपली गुराब. एकाच ताफ्यात, एकाच कागदावर दोन वेगळे शब्द. ‘डव्ह’ने हात वर केले आणि ती मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ एकटी झुंजून निसटली. तिच्यावर कप्तान मिंचिन होता आणि ताफ्याचा प्रमुख रिचर्ड केग्विन. पुढे जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी वेढ्याचा नाद सोडला. खांदेरी राहिली ती राहिलीच.

उंबरठा :
थांबा थांबा. केग्विन? माझ्या पानावर हे नाव दोनदा आहे! १६७३ला ‘असिस्टन्स’वर लेफ्टनंट, आणि १६९०ला तिचाच कप्तान. मधल्या वर्षांबद्दल एक अक्षर नाही. हा तोच का?

थळवाला :
तोच! कॉर्नवॉलचा माणूस. मधली वर्षं आमच्याकडे होता, म्हणून तुमच्या पानावर नाहीत.

पाणचक्की :
इतकंच नाही हो. खांदेरीनंतर चार वर्षांनी, डिसेंबर १६८३मध्ये, याच केग्विनने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई ताब्यात घेतली. आपण राजाच्या नावाने कारभार करतो, कंपनीच्या नव्हे, असं जाहीर केलं. पगार आणि भत्ते कापल्यावर किल्ल्यातली शिबंदी किती दिवस गप्प बसणार? वर्षभर राज्य केलं, संभाजी महाराजांशी तह केला, आणि नोव्हेंबर १६८४मध्ये माफीच्या वचनावर मुंबई सोडली. ज्याच्याशी खांदेरीला लढला त्याच्याच मुलाशी तह. कंपनीने आधी इतक्या वर्षांत जे साधलं नव्हतं ते याने बंडखोर म्हणून साधलं, असं माझं मत. वाद घालायला तयार आहे, पण हा शब्दांचा धागा आहे, म्हणून आवरतो.

उंबरठा :
मग १६७३चं तुम्हीच सांगा, कारण तिथेही एक शब्द नडलाय. डचांनी सेंट हेलेना बेट घेतलं होतं. कप्तान मंडन ‘असिस्टन्स’ घेऊन गेला आणि मे महिन्यात परत जिंकलं. केग्विनची तुकडी रात्री उतरली, वाट दाखवायला ऑलिव्हर नावाचा काळा गुलाम होता. तिथला कडा सरळसोट. टॉम नावाचा एक शिपाई दोरी घेऊन वर चढला आणि खालून सगळे ओरडत राहिले, ‘होल्ड फास्ट, टॉम’. त्या जागेचं नावच ‘होल्डफास्ट टॉम’ पडलं म्हणे. ‘फास्ट’चं मी आधी ‘लवकर’ केलं होतं. हसू नका.

दर्यावर्दी :
हसलो नाही, फक्त चहा सांडला. इथला फास्ट म्हणजे घट्ट, पक्का. दोर ‘फास्ट’ केला म्हणजे आवळून बांधला. ‘धरून राहा, टॉम’ लिहा. खलाशी ‘घट्ट धर रे’ असं ओरडेल, तेही चालेल. जागेचं नाव मात्र तसंच ठेवा, गावांची भाषांतरं करत नाहीत.

थळवाला :
१६७० सिंहगड, १६७३ सेंट हेलेना. दोन्हीकडे रात्र, कडा, दोर. घोरपड तेवढी त्यांच्याकडे नव्हती.

पाणचक्की :
घोरपड आपल्याकडेही होती की नाही हा वेगळा धागा होईल. तिकडे नको.

त्यापेक्षा ‘पुनर्बांधणी’कडे या. १६७३ची ‘असिस्टन्स’ आणि १६९०ची ‘असिस्टन्स’ हे एकच जहाज का? १६८७ साली डेप्टफर्डलाच तिचं ‘रीबिल्ड’ झालं. तुम्ही काय लिहिलंय?

उंबरठा :
‘डागडुजी’.

पाणचक्की :
डागडुजी म्हणजे भोकं बुजवणं, फुटकी फळी बदलणं. त्या काळचं रीबिल्ड म्हणजे जहाज पार उसवायचं, चांगलं निघालेलं लाकूड बाजूला काढायचं आणि त्यात नवं घालून जवळजवळ दुसरं जहाज उभं करायचं. नाव तेच. १६९९ला पुन्हा तसंच. १७१३ला लाइमहाउसच्या गोदीतून पुन्हा, १७२५ला वुलिचहून पुन्हा. १७४०च्या दशकात शेवटी शीअरनेसला लाटा अडवायला बंधारा म्हणून बुडवलं. बुडवलं त्यातली १६५०ची फळी किती हे देवाला ठाऊक. घराचं जसं आपण म्हणतो, ‘जुना वाडा पाडून त्याच जागी बांधला’, तसं. मला ‘उसवून पुन्हा बांधली’ हेच बरं वाटतं.

दर्यावर्दी :
उदाहरण वर दिलंच होतं. ‘निलगिरी’ नावाची नवी फ्रिगेट जानेवारी २०२५मध्ये मुंबईत नौदलात आली. तिला कोणी १९७२च्या ‘निलगिरी’ची पुनर्बांधणी म्हणत नाही. आपण नाव नव्या जहाजाला देतो. त्यांच्या वहीत जहाज तेच राहायचं. हिशेबाच्या वहीत, म्हणतोय मी.

थळवाला :
म्हणजे केग्विन ज्यावर लेफ्टनंट होता त्याच जहाजाचा कप्तान होऊन मेला, हे वाक्य खरं पण आणि खोटं पण. १६९०च्या जूनमध्ये वेस्ट इंडीजमध्ये सेंट किट्स बेटावर, बासतेरच्या हल्ल्यात, शिपाई घेऊन किनाऱ्यावर उतरताना पडला. सेंट हेलेनाला उतरला होता, तसाच. माणूस उतरायचाच नेहमी पुढे.

उंबरठा :
मथळ्यात ‘एचएमएस’ आहे. त्याचं ‘महाराजांचं जहाज’ करू का?

पाणचक्की :
१६५० साली? राजाचं डोकं १६४९च्या जानेवारीत उडवलं होतं. जहाज पार्लमेंटचं. राजा परत आला १६६०ला, तेव्हा कित्येक नावं बदलली, ‘नेसबी’ची ‘रॉयल चार्ल्स’ झाली, कारण नेसबीच्या लढाईत राजाच हरला होता. ‘असिस्टन्स’ म्हणजे नुसती ‘मदत’, राजालाही चालते आणि पार्लमेंटलाही. ते नाव टिकलं. शिवाय ‘एचएमएस’ हे लघुरूप अठराव्या शतकाच्या अखेरीचं. मागच्या जहाजांना ते आजचे लोक लावतात. गाळून टाका.

आणि तुमच्या पानावर हेन्री टिओंज असेलच. १६७५-७६मध्ये ‘असिस्टन्स’वर पाद्री होता, भूमध्य समुद्रात त्रिपोलीच्या मोहिमेत. त्याने रोजनिशी लिहिली. सुरुवातीलाच ‘पंच’चे वाडगे पुढे आले आणि हे पेय आपल्याला अगदी नवीन, असं तो लिहितो. हा ‘पंच’ म्हणजे आपले पाच, असं मानणारे पुष्कळ. त्याच दशकात डॉक्टर फ्रायर हा इंग्रज प्रवासी इकडे हिंडत होता. गोव्याजवळच्या नेरूळची अरक, म्हणजे दारू, उत्तम आणि पाच जिनसांवरून पेयाचं नाव पडलं, असं त्याने लिहून ठेवलंय. काही जण लाकडी पिंपाच्या नावाकडे बोट दाखवतात, पण कंपनीच्या १६३२च्या पत्रात हा शब्द आधीच सापडतो, आणि तेही हिंदुस्थानातल्या पत्रात. माझं मत पाचाच्या बाजूने.

उंबरठा :
आहे, टिओंज आहे! मी ‘पंच’चं ‘ठोसा’ केलं नाही, एवढी अक्कल वापरली.

तर आता असं लिहिलंय, पाहा : ‘‘असिस्टन्स’ ही फ्रिगेट १६५० साली डेप्टफर्डला पाण्यात उतरली. तोफा ४०, पुढे १६७७पर्यंत ४८ झाल्या. तोफांच्या हिशेबाने सहांपैकी चौथ्या वर्गातली. डचांशी तीन युद्धं पाहिली.’ मथळा : ‘‘असिस्टन्स’ची चाकरी’. कारकीर्द माणसांना राहू दे, जहाज हुकुमाचं ताबेदार.

थळवाला :
चाकरी झकास. पण ‘ती उतरली’ का ‘ते उतरलं’? जहाज ते, गलबत ते, तारू ते. मचवा तो. गुराब ती.

दर्यावर्दी :
फ्रिगेट ती. तीस वर्षांत कुठल्याही खलाशाच्या तोंडी ‘ते फ्रिगेट’ ऐकलं नाही.

पाणचक्की :
माझ्या आजोबांच्या तोंडी ‘तो फ्रिगेट’ होतं. पण ते बँकेत होते.