तिन्ही फील्ड १८००, मग उत्तर ७४६ कसं?

मायलेकी_राजारामपुरी

नमस्कार. मुलगी अकरावी सायन्सला आहे, सीईटीचीही तयारी चाललीय. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं त्याला २२ वर्षं झाली, त्यानंतर पुस्तक उघडलं नव्हतं. आता रात्री भांडी आवरली की दोघी मिळून गणितं सोडवतो. काल एकाच गणितावर साडेअकरा वाजले.

१० सेंटिमीटर बाजूचा चौरस आहे. ड डावीकडे खाली, अ उजवीकडे खाली, ब त्याच्या वर, क डावीकडे वर. अ आणि क वर प्रत्येकी +२ नॅनोकूलोम, ब वर −४ नॅनोकूलोम. ड रिकामा. तिथे इलेक्ट्रिक फील्ड, म्हणजे एक कूलोम चार्जवर लागणारं बल, किती?

अ मुळे १८०० न्यूटन प्रति कूलोम आलं. क मुळेही तेवढंच. ब कर्णाच्या टोकाला, म्हणजे अंतराचा वर्ग दुप्पट, पण चार्जही दुप्पट, म्हणून पुन्हा १८००. ब ऋण असल्यामुळे १८०० + १८०० − १८०० = १८०० असं केलं. क्लासच्या नोट्समध्ये ७४६ छापलंय, रीत दिलेली नाही. लेक म्हणते छपाईची चूक आहे. मला तसं वाटत नाही, पण तिला पटेल असं सांगताही येईना. कुणी समजावाल का? सूत्र आम्हाला येतं, कारण हवंय.

कळंब्याचे_मास्तर

ताई, तुमचे तिन्ही १८०० बरोबर आहेत. नोट्समधलं ७४६ही बरोबर आहे. चुकली ती शेवटची बेरीज.

चैत्र यात्रेला जोतिबावर सासनकाठी पाहिली असेल. एवढी उंच काठी, ती तोलायला चहूबाजूंनी माणसं दोर धरून उभी असतात. समजा तिघांनी सारख्याच जोरानं ओढलं. काठी कुठं झुकेल, हे कोण कुठं उभा आहे ते बघितल्याशिवाय सांगता येईल का? फील्डचं तसंच आहे. आणि दुसरा ओढतोय म्हणून पहिल्याचा दोर सैल पडत नाही. प्रत्येक चार्ज, बाकीचे नाहीतच असं समजून, आपलं फील्ड ड वर देतो. सुपरपोझिशन म्हणतात ते हेच.

दोर फक्त ओढतो, धन चार्ज मात्र ढकलतो. तेव्हा धन चार्जचा माणूस समोरच्या बाजूला उभा आहे असं धरा. ड वर एक +१ चा टेस्ट चार्ज मनात ठेवा. अ त्याला डावीकडे ढकलेल, क खाली ढकलेल, ब कर्णावरून स्वतःकडे ओढेल. ब चं ऋण चिन्ह इथं, दिशा ठरवतानाच, खर्ची पडलं. बेरजेत ते पुन्हा वापरायचं नाही. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त मार्क याच जागी जायचे.

आता ब चा बाण उजवीकडे १२७३ आणि वर १२७३ असा फोडा (१८०० भागिले १.४१४). आडव्या दिशेत १८०० − १२७३ = ५२७ डावीकडे उरतात, उभ्या दिशेत ५२७ खाली. दोन्ही मिळून ५२७ गुणिले १.४१४, म्हणजे ७४६. दिशा ब पासून लांब, कर्णाच्याच रेषेत. अ आणि क सारखे असल्यामुळे उत्तर कर्णावरच पडणार, हे आकडेमोडीआधीच दिसायला हवं.

पण लेकीला आकडे दाखवू नका. कागदावर बाण काढायला लावा.

बारावी_गडहिंग्लज

काकू, माझीपण हीच चूक व्हायची. बारावीत पोटेन्शियल (एक कूलोम चार्जमागची ऊर्जा, व्होल्टमध्ये) येतं, तिथं सरळ चिन्हासकट बेरीज चालते, कारण त्याला दिशा नसते. याच गणितात ड वर १८० + १८० − २५४.६ = १०५.४ व्होल्ट. ती सवय फील्डला लावली की फसलं. फील्डला अंतराचा वर्ग, पोटेन्शियलला नुसतं अंतर, हेही सांगून ठेवा.

मायलेकी_राजारामपुरी

मास्तर, काढले बाण. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, २०० ला १ सेंटिमीटर धरून, म्हणजे प्रत्येक बाण ९ सेंटिमीटरचा. ड पासून ९ डावीकडे, त्याच्या टोकापासून ९ खाली, तिथून कर्णाच्या दिशेनं ९ परत वर. पेन्सिल ड पर्यंत पोचलीच नाही, अलीकडेच थांबली. लेकीनं पट्टी लावली : ३.७ सेंटिमीटर. गुणिले २००, ७४०. ती बराच वेळ त्या उरलेल्या फटीकडे बघत बसली, मग छपाईची चूक हा विषय तिनं स्वतःच सोडला.

मग तिनं विचारलं, ब वर किती चार्ज ठेवला तर फट राहणारच नाही?

कळंब्याचे_मास्तर

तुम्ही सांगू नका. ते उत्तर त्याच पानावर आहे.

मायलेकी_राजारामपुरी

सापडलं तिला. अ आणि क चे दोनच बाण ठेवले आणि त्या टोकापासून ड पर्यंत मोजलं : १२.७ सेंटिमीटर. ९ ला ४ नॅनोकूलोम, तर १२.७ ला ५.६४. मी सूत्रानं केलं तर ५.६६ आलं. −५.६६ ठेवला की ड वर फील्ड शून्य. फरक पट्टीचा आहे म्हणाली, आणि आता पेन्सिलीला टोक करून तेच पुन्हा मोजतेय.