मालगुंडच्या घरात नक्की बघायचं काय?

फिरस्ता_४११०३०:
परवा गणपतीपुळ्याला गेलो होतो, दर्शन झालं, जेवायला अजून तासभर होता म्हणून शेजारच्या मालगुंडला केशवसुत स्मारक, म्हणजे कवी केशवसुतांचं जन्मघर, बघून आलो. शिव्या खाणार हे माहीत आहे तरी लिहितोच. ओटी, माजघर, जुनी भांडी, स्वच्छ ठेवलंय, सगळं छान, पण माझ्या आजोळी चिपळूणजवळ अगदी असंच घर होतं की, मग यात केशवसुत कुठे आहेत? मुलीने आत शिरल्या शिरल्या विचारलं इथे कोण राहायचं, म्हटलं मोठे कवी, तर म्हणे "मग ते बसून लिहायचे कुठे?" मला सांगता येईना. आणि मुळात ज्या माणसाने १८९३ मध्ये 'तुतारी' कवितेत तुतारी मागून घेतली आणि जुनं मरू द्या, जाळा नाहीतर पुरा असं ठणकावलं, त्याचंच जुनं घर आपण सारवत बसलोय! त्यापेक्षा तेवढ्या पैशात त्यांच्या कविता छापून शाळाशाळांत वाटल्या असत्या तर?

जांभा_चिरा:
तुमच्या आजोळचं ते घर आज उभं आहे का, एवढंच सांगा.

फिरस्ता_४११०३०:
नाही. मामाने पाडून स्लॅबचं बांधलं. पण त्याचा इथे काय संबंध?

जांभा_चिरा:
मग झालं की! संबंध तोच आहे. कोकणात बंद घर तीन पावसाळ्यांत बसतं हो. वांदर एक कौल फोडतात, तिथून पाणी आत, वासा कुजतो, खालून वाळवी वर येते आणि चौथ्या वर्षी नुसता चौथरा उरतो, वर रानमोडी. आमच्या वाडीत अशी पाच घरं मी डोळ्यांदेखत बसलेली बघितलीत. दर मे महिन्यात कौलं परतायला गडी शोधताना नाकी नऊ येतात, मिळालाच तर तो म्हणतो काका पत्रे टाका आणि सुटा. तिथे १९९४ पासून कोमसापवाले (कोकण मराठी साहित्य परिषद) एक घर उभं ठेवतायत ही काय चेष्टा वाटली? केशवसुत दिसले नाहीत तर नाही, मास्तराच्या घरात तेव्हा माणसं कशी राहायची ते तरी दिसतं ना?

शंकासूर:
जांभाभाऊ, भावना पोचल्या, पण थोडं खरं बोलूया. १८६६ ला जन्म मालगुंडला हे ठीक, पण वडील पुढे दापोलीकडे वळणे नावाच्या गावी गेले, पोराचं बालपण बरंचसं तिकडचं. नंतर बडोदा, नागपूर, पुणे, मुंबई, खानदेशात मास्तरकी, शेवटी धारवाड, आणि १९०५ ला प्लेगने हुबळीत गेले. वय पुरतं चाळीसही नाही. जन्मभर दुसऱ्याच्या गावात बिऱ्हाड करणारा माणूस, आणि आपण त्याला एका घरात बसवतो. आणि घर तरी 'जसंच्या तसं' कुठलं असतं? मंगलोरी कौलांचा पहिला कारखानाच मुळी १८६५ ला मंगळुरात निघाला, त्यामुळे कोकणात कुठल्या घरावर ती कौलं बघून कोणी दोनशे वर्षांपूर्वीचं छप्पर म्हणून फोटो टाकला की मला हसू येतं. दुरुस्ती करा, जरूर करा, फक्त दुरुस्ती केली असं लिहा.

पाचवी_ब_च्या_बाई:
शंकासूर, बिऱ्हाडाचा मुद्दा मला उलटा वाटतो. गावोगाव फिरला म्हणूनच नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून कविता लिहिली ना? घाटावर बसून गावाकडून येणारा वारा अंगावर घेणं म्हणजे काय हे पोरांना वर्गात पंख्याखाली कसं कळणार. आम्ही सहल नेली होती. घरात दहा मिनिटांत कंटाळली हे कबूल, एकाने तर चार्जिंगला पॉइंट आहे का विचारलं 😀 पण बाहेर बागेत दगडावर कोरलेल्या कविता आहेत तिथे दोघं जोरजोरात वाचायला लागले, मग चढाओढच लागली, बस सुटायची वेळ झाली तरी हलेनात. छापून वाटलेलं पुस्तक दप्तरात जातं, तिथून रद्दीत. मी बघितलंय.

फिरस्ता_४११०३०:
बाई, पण मग तुमचीच पोरं माझ्या बाजूने साक्ष देतायत, घरात कंटाळली, कवितेपाशी थांबली!

पाचवी_ब_च्या_बाई:
घर नसतं तर बस तिथे थांबली असती का?

शंकासूर:
हा पॉइंट मान्य. 🙏

ओटीवरची_म्हातारी:
एक सांगू का, तुम्ही सगळे एकाच मुलाबद्दल भांडताय. १९११ ला 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचे सख्खे भाऊ. एक भाषेचे नियम लिहून काढतो, दुसरा इंग्रजी सॉनेट, ती चौदा ओळींची कविता, उचलून मराठीत आणतो, दोघं एकाच आईच्या हातचं जेवले. मला त्या घरात कवी दिसत नाही, मला ती बाई दिसते. चुलीपाशी उभी राहून मी दोन मिनिटं तेवढाच विचार केला, ह्यांनी बाहेरून हाक मारली तेव्हा भानावर आले.

फिरस्ता_४११०३०:
आजी, हे मुलीला सांगायला हवं होतं. माझं मत फार बदललंय असं नाही, लिहायची जागा कुठली हे मला अजूनही त्या घरात सापडलेलं नाही. पण चूल मी धड बघितलीच नव्हती.

जांभा_चिरा:
परत याल तेव्हा मे अखेरीस या, गर्दी ओसरलेली असते. आणि कौलं परतणारा गडी कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमचं अजून राहिलंय.