मदत हवी आहे : एफएसएच (पाळी जाताना वाढणारं हार्मोन) आधी ४२, आता ६. पाळी जातेय की नाही?

मृण्मयी_म
वर लिहिलंय तेच. तीन महिन्यांच्या अंतराने केलेले रिपोर्ट, लॅब एकच. रात्री घामाने उशी भिजते, धडधडतं, झोपेचं पार खोबरं. आणि आता म्हणे हार्मोन्स नॉर्मल! कोणता रिपोर्ट खरा? लवकर सांगा, परवा अपॉइंटमेंट आहे.

रिकामटेकडा
वय? पाळी कशी येते? पिशवी आहे की काढलीय? गर्भनिरोधक गोळ्या? त्यांनी एफएसएच दबतं. हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मृण्मयी_म
४७. पिशवी आहे. पाळी दोन-दोन महिने गायब, आली की धो धो. तसल्या गोळ्या नाहीत.

निशिगंध
दोन्ही खरे असू शकतात. या काळात बीजकोश कधी सुस्तावतात, कधी अचानक जागे होतात. इस्ट्रोजेन (बीजकोशात बनणारं हार्मोन) वाढलं की एफएसएच उतरतं. म्हणून पंचेचाळिशीनंतर लक्षणं आणि पाळीचं वेळापत्रक पाहतात, एफएसएच नाही. सलग १२ महिने पाळी नाही आली तरच रजोनिवृत्ती. तोवर गर्भ राहू शकतो, हेही विसरू नका.

हिरवळ
सोया आयसोफ्लेवोन (सोयाबीनमधला इस्ट्रोजेनसारखा घटक) घ्या, नैसर्गिक आहे. एचआरटीच्या, म्हणजे बाहेरून हार्मोन घेण्याच्या नादी लागू नका. त्यावरचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास आठवा.

निशिगंध
त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि इस्ट्रोजेन तोंडावाटे दिलं होतं. दोन्ही हार्मोन (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन) घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढला, हे खरंच. पण सत्तेचाळिशीच्या बाईला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. इस्ट्रोजेनच्या त्वचेवर लावायच्या जेल किंवा पॅचने रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे कुणी ठरवलं?

रिकामटेकडा
भांडा नंतर. मृण्मयीताई, बाकी औषधं कोणती? केसांच्या वगैरे गोळ्याही सांगा. थायरॉइडची टीएसएच चाचणी?

मृण्मयी_म
थायरॉइडची ७५ ची गोळी. केस गळतात म्हणून दोन महिने बायोटिन (ब गटातलं जीवनसत्त्व) १० मिग्रॅ. टीएसएच ०.१ म्हणजे फार कमी आलं, म्हणून गोळी ५० करा म्हणालेत. पण माझा प्रश्न एफएसएचचा आहे!

रिकामटेकडा
त्याचंच उत्तर इथे असू शकतं. बऱ्याच यंत्रांत या चाचण्या बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या जोडीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर टीएसएच आणि एफएसएच दोन्ही खोटे कमी दिसतात, फ्री टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) खोटं जास्त. पहिला रिपोर्ट बायोटिनच्या आधीचा, दुसरा नंतरचा. गोळी कमी करण्याआधी बायोटिन बंद ठेवून चाचणी पुन्हा करा. तरीही टीएसएच कमीच आलं तर मात्र डोस खरंच जास्त होतोय. घाम, धडधड, झोप उडणं त्यानेही होतं.

वसुधा_
हाडांचं कुणीच बोलत नाही! पाळी जाण्याच्या आसपासच्या दोन-तीन वर्षांत हाडं सर्वात वेगाने झिजतात. कॅल्शियम सुरू करा.

रिकामटेकडा
करा, पण थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब. नाहीतर गोळी शोषलीच जात नाही.

मृण्मयी_म
मग परवापासून जेल लावू का?

निशिगंध
आधी धो धोचं कारण शोधा : सोनोग्राफी, गरज वाटली तर पिशवीच्या अस्तराची बायॉप्सी. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) करा, रक्त कमी असलं तरी धडधडतं. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत. अस्तर वाढत जातं, कर्करोगाचा धोका वाढतो. सोबत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन (अस्तराची वाढ आवरणारं हार्मोन) लागतं. पाळी अजून येत असेल तर साधारण २०० मिग्रॅ रात्री, महिन्यातून १२ ते १४ दिवस. हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू मिळते, तिचंही विचारा. रक्तस्राव, गर्भनिरोधन आणि अस्तर तिन्हीला एकच उपाय.

हिरवळ
तिला कॉपर-टी म्हणू नका, तांबं नसतं त्यात.

मृण्मयी_म
बायोटिन आज सकाळीच घेतलंय. परवा सकाळी रक्त दिलं तर?

रिकामटेकडा
४८ तास म्हणजे अगदी किमान. अपॉइंटमेंट सोडू नका, रक्त एक-दोन दिवस उशिरा द्या आणि लॅबला बायोटिनचं सांगून ठेवा.