बाळ फिरलं, पण फिरवलं कुणी?

बारीकनजर :
बाळ ब्रीच आहे, म्हणजे डोकं वर आणि कुल्ले किंवा पाय खाली, असं सोनोग्राफीत दिसलं की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणके-सांधे हाताने दाबून बसवणाऱ्याकडे जा, तो कंबर बसवेल आणि बाळ आपोआप फिरेल. माझ्या बहिणीला ३२ व्या आठवड्यात तिघींनी हेच सांगितलं. म्हणून जरा वाचून पाहिलं. माझं मत असं : कंबर दुखते म्हणून जायचं तर जा, बाळ फिरवायला म्हणून जाऊ नका.

२८ व्या आठवड्याच्या सुमारास दर चार-पाच बाळांतलं एक ब्रीच असतं. दिवस भरेपर्यंत १०० मध्ये ३-४ उरतात. बाकीची आपली आपण कोलांटी मारतात. ३२ व्या आठवड्यापासून रोज उलट्या चपला घालून फिरलात तरी बाळ फिरण्याची शक्यता भरपूर आहे. श्रेय मग चपलांना द्यायचं का?

यासाठी वेबस्टर पद्धतीचं नाव घेतात. लॅरी वेबस्टर हा अमेरिकन कायरोप्रॅक्टर. गंमत म्हणजे त्यानेच स्थापन केलेली इंटरनॅशनल कायरोप्रॅक्टिक पेडिएट्रिक असोसिएशन आज म्हणते, की ही पद्धत आईच्या कटिभागासाठी आहे, बाळ फिरवण्याची नाही.

निशिगंधा :
चपलांचा विनोद नाही आवडला. मी ३३ व्या आठवड्यात गेले होते. पोटासाठी खाली जागा असलेल्या टेबलावर पालथं झोपवलं. गुडघे दुमडून दोन्ही टाचा कुल्ल्यांकडे आणल्या आणि कुठला पाय अडतो ते पाहिलं. त्या बाजूला त्रिकास्थीवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडावर, छोटासा दाब. मग उताणं झोपवून ओटीपोटाच्या दुसऱ्या बाजूला बोटाने अगदी हलकं धरून ठेवलं. कडकड वगैरे काही नाही. अशा चार भेटी झाल्या आणि ३६ व्या आठवड्यात डोकं खाली!

गर्भाशय काही अधांतरी लटकत नसतं. मागून त्रिकास्थीला आणि पुढून जांघेकडे ते बंधांनी बांधलेलं असतं. एका बाजूने ताण आला तर बाळाला वळायला जागा कमी पडणार नाही का?

आडवाबोल :
ऐकायला पटतं, पण हे गृहीतक झालं. बाळ का फिरत नाही याची माहीत असलेली कारणं पाहा : वार खाली असणं, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, गर्भाशयाचा वेगळा आकार, गर्भजल फार कमी किंवा फार जास्त, जुळी. बऱ्याचदा तर कारण सापडतच नाही. हाडावर दाब देऊन यातलं काय बदललं?

मोकळाश्वास :
८२ टक्के यश आहे! २००२ चा पेपर शोधा.

बारीकनजर :
शोधला. कायरोप्रॅक्टरांनाच फॉर्म पाठवून विचारलं होतं, की तुमचे अनुभव सांगा. बहुतेकांनी फॉर्म परत पाठवलेच नाहीत. ज्यांनी पाठवले त्यांच्या आठवणीतून आलेला हा आकडा. तुलनेला उपचार न घेतलेल्या बायकांचा गटच नाही. आपल्या दुकानातल्या मिठाईला आपणच गुण देण्यासारखं झालं हे.

मोकळाश्वास :
आणि डॉक्टर पोटावरून हाताने बाळ फिरवतात तेही निम्म्या वेळा फसतंच की. ते चालतं?

बारीकनजर :
चालतं, कारण तिथला निम्मा हा आकडा मोजलेला आहे. ३६-३७ आठवड्यांना करतात, म्हणजे बाळ आपसूक फिरण्याचे दिवस जवळजवळ सरल्यावर. पहिलटकरणीचं बाळ ३६ नंतर आपण होऊन फिरण्याचं प्रमाण १०० मध्ये ८ च्या आसपास. हाताने फिरवल्यावर त्याच पहिलटकरणींत ८ चे ४० झाले तर हाताला श्रेय देता येतं. धोकाही सांगतात : साधारण २०० मध्ये एकीला तातडीचं सिझर लागतं. म्हणून सोनोग्राफी, ठोक्यांवर लक्ष, गर्भाशय सैल करणारं औषध, आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन, ही सगळी तयारी ठेवूनच करतात.

सुईदोरा :
मी फिजिओथेरपिस्ट. दोन्ही बाजूंवर थोडी चिडून लिहितेय.

बारीकनजर, ‘कंबर दुखते म्हणून जायचं तर जा’ हेही सैल वाक्य आहे. गरोदरपणात सांधे आधीच सैलावलेले असतात. अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, वेळेआधी कळा असतील तर टेबलावर चढायचंच नाही. मानेला झटका तर कुणालाच देऊ देऊ नका. हे सांभाळलं तर गंभीर इजा क्वचितच होते.

पण बायका तिकडे का वळतात, हे कुणी बोललंच नाही. २००० साली टर्म ब्रीच ट्रायल हा दिवस भरलेल्या ब्रीच बाळांवरचा मोठा अभ्यास आला : २६ देश, दोन हजारांवर बायका. ठरवून केलेलं सिझर बाळाला सुरक्षित, असा निष्कर्ष निघाला आणि ब्रीच म्हणजे सिझर हे समीकरण जगभर पक्कं झालं. पुढे त्यावर पुष्कळ टीका झाली, तोवर ब्रीच बाळंतपण हाताळणारे हात कमी होत गेले. सिझर नको असलेल्या बाईला दवाखान्यात तारीख मिळते, बोलायला कुणी मिळत नाही. कायरोप्रॅक्टर तासभर ऐकून घेतो. ती आशा विकत घेते म्हणून हसणं सोपं आहे.

बारीकनजर :
हसलो ते चुकलं. पण आशेला मुदत असते. ओळखीतली एकजण ‘अजून दोन सेशन, फिरेलच’ ऐकत ३९ व्या आठवड्यापर्यंत थांबली. मग हाताने फिरवायचं म्हटलं तर गर्भजल फार कमी झालेलं. तिला आधी कुणी ३७ चा आकडा सांगितलाच नव्हता. माझा खरा राग तिथे आहे.

निशिगंधा :
माझ्या कायरोप्रॅक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ३६ ला सोनोग्राफी करा आणि नाही फिरलं तर डॉक्टरांकडे जा. सगळे एका माळेचे मणी नसतात.

आडवाबोल :
ताई, वाकड्यात शिरत नाहीये. ३३ आणि ३६ च्या मध्ये सोनोग्राफी झाली होती का? म्हणजे पहिल्या भेटीआधीच फिरलं असेल तर?

निशिगंधा :
नाही झाली. पण लाथा ओटीपोटात बसायच्या त्या तिसऱ्या भेटीच्या रात्री बरगडीखाली बसायला लागल्या. रात्रभर जागी होते मी. योगायोग म्हणा हवं तर.